स्वेटरवाल्यांच्या गावी दोन पोती स्वेटर

निर्वासितांना मदत करायची असं मी ठरवलं, आणि आमच्या पुण्यातल्या सोसायटीने आपापली कपाटं माझ्या गळ्यात रिकामी केली. दोन पोती लोकरीचे कपडे घेऊन गोंदियाला उतरले, तिथून पॅसेंजरने अर्जुनी. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या आणि ऑटो परतीसकट ठरवा. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर पिकलेला धान बघत गेलं की रंगीत पताका दिसतात. तीच तिबेटी वस्ती.

माझी राहायची सोय पेमामावशींकडे होती. पन्नाशीच्या, वस्तीतच जन्मलेल्या. त्यांनी पोतं उघडलं आणि हसत सुटल्या.

"बाई, हिवाळाभर आमी सेटरच विकतो. तू आमालेच सेटर आणलं?"

निघण्याआधी एवढं विचारायचं असतं, हे मी तुमच्या वतीने शिकले.

सोमवारी त्या दुकान लावायला नागपूरला निघणार होत्या, पण सामान बांधलेलं नव्हतं. कारण ओसरीवरच बसलं होतं: शेजारच्या गावच्या कौशल्याबाई, उजव्या हाताला पट्टी. दरवर्षी मावशी घराची किल्ली त्यांच्याकडे देऊन जातात. मग मावशींचा धान कापायचा कौशल्याबाईंनी आणि देवापुढे रोज दिवाही त्यांनीच लावायचा. यंदा विळा हातावर बसला होता.

"मी नाही जात. धान कोन कापन?" मावशी म्हणाल्या.

"काऊन नाही जात?" कौशल्याबाई भडकल्या. "तुही जागा दुसरा धरन, मंग वर्षभर काय खाशीन?"

दोघी भांडत राहिल्या. माझ्या पोत्यांकडे कोणी बघेना.

सकाळी कौशल्याबाईंच्या गावातून अकरा जणी विळे घेऊन हजर. एकीला विचारलं, मजुरी किती? 

"कायची मजुरी? आमची पोरं वस्तीच्या दवाखान्यात जल्मली. कौशल्याचे टाके बी तिथंच घातले."

मग तिने माझ्या हातात विळा दिला. "मदत कराले आली ना? धर."

मी धरला. थोड्या वेळाने बांधावरून कौशल्याबाई ओरडल्या, "बाई, तू धान कापून राहिली का त्याचे केस विंचरून राहिली?"

दवात गारठा होता, धानाची पाती हात ओरबाडत होती. तेव्हा कुठे पोती सुटली. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा मरून स्वेटर कौशल्याबाईंच्या जावेला अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. दोन दिवसांत बांधी, म्हणजे धानाचं शेत, मोकळी झाली. सोमवारी मावशींनी कौशल्याबाईंच्या डाव्या हातात किल्ली ठेवली आणि बसमध्ये चढल्या. मला रडू आलं. त्या दोघींना आलं नाही.

पुण्यात सगळ्यांनी विचारलं, "वाटप नीट झालं ना?" हो म्हणाले. कोणी कोणाला काय वाटलं, ते सांगायचं टाळलं.

परवा हाताची चौकशी करायला कौशल्याबाईंना फोन केला.

"बरा हाये," त्या घाईत म्हणाल्या. "पन मंग बोलतो. पेमाच्या देवाले दिवा लावून राहिली."