वॅलेटाची तोफ

सोनईच्या स्टँडसमोर 'धनश्री कृषी सेवा केंद्र' अशी पाटी आहे. पाटीवर नाव बायकोचं, दिवसभर काउंटरवर बसणं बायकोचं, आणि मालक म्हणून मिरवायला रविराज! तो साधा कागदही वाचायचा नाही. धनश्री बोट ठेवील तिथं सही ठोकून मोकळा.

औंदा खत कंपनीनं टार्गेट दिलं आणि सोबत पोस्टर पाठवलं. टार्गेट गाठलं की माल्टा बेटावरच्या वॅलेटा शहराची सहल, दोघांना. धनश्रीनं कंबर कसली. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर वॅलेटाच बघत बसायची. समुद्रात घुसलेलं पिवळ्या दगडाचं शहर, साडेचारशे वर्षांचं. दुपारी बाराला तटावरून तोफ उडते. बसनं तासाभरावर पोहायची वाळू. आणि बाईनं जन्मात पाणी पाहिलं ते मुळा धरणाचं! तिनं पासपोर्ट काढला, दगडी रस्त्यांवर चालायला बूट घेतले.

टार्गेट पुरं झालं. रविराजनं दुसरं नाव दिलं ते मित्राचं, गोरक्षनाथचं.

"तू आल्यावर दुकान कोन बघंल? अन् तिथं तुला काय कळनार हाय?"

धनश्रीला रडू कोसळलं, पण त्याच्यासमोर नाही.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी, दुकानात खताची गाडी खाली होत असताना, व्हिडिओ कॉल आला. रविराजच्या मागं तट, खाली निळंशार पाणी.

"लई ऊन हाय. नुसती दगडं हायेत बघ."

"अहो, तिथंच थांबा. पाच मिनिटांत तोफ उडंल."

"कसली तोफ? आमी जेवाया चाललो." फोन बंद.

महिन्याभरानं नगरला कंपनीचा मेळावा ठरला. सहलीचा अनुभव सांगायला रविराजला स्टेजवर बोलावलं. आता आली का पंचाईत!

"चार ओळी लिहून दे की. तुला ठाऊक हाय समदं."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी तिनं लिहून दिलं, आणि काय झकास लिहिलं! तट, तोफ, वाळू, काही सोडलं नाही.

मेळाव्यात ती तिसऱ्या रांगेत बसली, नवे बूट घालून. रविराजनं कागद उघडला तो थेट स्टेजवर. ऐटीत वाचत गेला आणि शेवटही त्याच ठसक्यात वाचला, "यातलं मी काहीच पाहिलं नाही. जिनं ही सहल कमावली तिला घरी ठेवून मी मित्राला नेलं. मला लाज वाटत नाही."

सभागृहात हशा पिकला. टाळ्यांवर टाळ्या. रविराजनं गोंधळून कागदाकडं पाहिलं, धनश्रीकडं पाहिलं, आणि मग सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.