आर्विलची नाडी

"मला माणसं नेहमी एक दिवस उशिरा भेटतात," असं ओलेटा स्लोन एकदा म्हणाली होती. चव्वेचाळीसाव्या वर्षी नर्स का व्हायचंय, असं कॉलेजातल्या बाईंनी मुलाखतीत विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून हे निघून गेलं. बाईंचं पेन थांबलं. आपण काहीतरी भलतंच बोललो, असं वाटून ओलेटा डोंगर चढून घरी परतली आणि महिनाभर कुणाशी त्याबद्दल बोलली नाही. मग प्रवेश मिळाल्याचं कळलं.

बोलली होती ते खरंच होतं. केंटकीच्या डोंगरांत सॉरवुड नावाचं जे गाव आहे, तिथे माणूस गेला की त्याला थर्मन पिट्सच्या फ्युनरल होममध्ये नेतात. तिथे त्याला धुऊन, शरीर टिकावं म्हणून अंगात औषधं भरून, कोट चढवून तयार करतात आणि संध्याकाळी गाव शेवटचं बघायला येतं. पेटीचं झाकण उघडं असतं. त्यामुळे केस नीट लागतात. ते ओलेटा करायची. फोटो समोर ठेवून भांग कुठल्या बाजूला होता ते बघायची, नखं कापायची, ओठांना जरासा रंग द्यायची आणि सगळ्यात शेवटी एका हातावर दुसरा हात ठेवायची.

तिची सुरुवात मात्र जिवंत केसांपासून झाली होती. बाजारातल्या पार्लरमध्ये तिची खुर्ची होती. मग एका जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी रडत आली, की आईचे केस ओलेटानंच करायचे, दुसऱ्या कुणी केले तर ती माझी आई दिसणार नाही. ओलेटानं केले. नंतर दुसरीचे केले, तिसरीचे केले. तिची जिवंत गिऱ्हाइकं हळूहळू शेजारच्या खुर्चीकडे सरकली. कुणी तोंडानं काही बोललं नाही.

बोलली ती फक्त एस्टी आत्या. ओलेटाला लहानपणापासून तिनंच वाढवलं होतं, आणि दर शुक्रवारी सकाळी ती ओलेटाकडून केस धुऊन, गुंडाळून, फुलवून घ्यायची.

"ज्या हातांनी काल मेलेल्या लूथरचा भांग पाडलास ते आज माझ्या डोक्याला लावू नकोस," आत्या म्हणाली. "माझं डोकं अजून वापरात आहे."

"आत्या, मी हात धुते गं."

"पाण्यानं काय जातंय त्यातलं?"

त्या दिवसापासून आत्या केस करायला पलीकडच्या गावात जाऊ लागली. दोघींचं जेवण एका टेबलावर, भांडणं एका छपराखाली, पण आत्यानं ओलेटाचा हात स्वतःला लागू दिला नाही. ओलेटानं मीठ मागितलं तरी ती मिठाची बाटली टेबलावर ठेवायची, हातात द्यायची नाही.

थर्मनकडे काम करता करता ओलेटाला एक नाद लागला. ती हात बघायची. कोपराच्या आत सुईची निळी खूण. मनगटावर दवाखान्याच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा वळ. चिकटपट्टी काढताना उपटलेल्या केसांची एक सरळ रेघ. खाणीत आयुष्य काढलेल्या माणसांची बोटं टोकाला फुगून ढोलाच्या काठीसारखी का होतात? या बाईच्या दंडावर चार बोटांचे ठसे आहेत, ते कुणाचे? कुणीतरी हिला उठवून बसवलं असणार. ती उठली तेव्हा काय म्हणाली असेल?

"मिस्टर थर्मन, हे असं का होतं?" ती विचारायची.

"मला विचारू नकोस बाई," थर्मन चष्मा पुसत म्हणायचा. "मी नंतरचा माणूस. आधीचं आधीच्यांना विचार."

आधीच्यांना विचारायचं, तर त्यांच्यात जाऊन उभं राहायला हवं होतं. नर्सिंगचं खूळ शिरलं ते असं.

उन्हाळाभर तयारी चालली. दंडात लसी टोचून घेतल्या. पांढरे बूट आणले आणि ते पायाला सरावावेत म्हणून ते घालून कोंबड्यांना दाणे टाकू लागली. सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेतलं. कॉलेजात सगळ्या नव्या मुलींना एका सकाळी बोलावलं होतं. तिथे शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पुस्तकं नंतर. आधी हात सरावू देत. जो भेटेल त्याची नाडी मोजा. पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर मोजायची आहे." मनगटावर पहिली दोन बोटं कशी ठेवायची, तेही त्यांनी दाखवलं.

ओलेटा घरी आली ती मनात एक गाठ घेऊन. थर्मननं तिला स्पष्टच विचारलं होतं, की शाळा सुरू व्हायच्या आत सांग, दुसरी बाई बघायची का नाही. तिनं अजून सांगितलं नव्हतं. अभ्यासाची तिला भीती नव्हती. पण आजारी माणूस हे हात अंगाला लावू देईल का? ज्या बाईनं आपल्याला आंघोळी घातल्या तीच देत नाही, मग परका कशाला देईल?

तरीही ती गावात मनगटं मागत फिरली. लोकांनी दिली, पण हसून, आणि जरा आखडून.

"अजून वेळ आहे हं माझा!" गॅरेजवाला डेंव्हर म्हणाला. "तुझ्या यादीत नाव टाकू नकोस."

"गप उभा राहा. बोललास की चुकते."

"माझे केस कसे करशील ते तरी सांगून ठेव."

"कुठले केस?" ओलेटा म्हणाली, तशी गॅरेजातली माणसं खिदळली आणि डेंव्हरनं टोपी पुढे ओढली.

सुरुवातीला तिला दोन बोटांना काही लागेना. मनगट हातात घेतलं, की तिचा अंगठा आपोआप खाली सरकायचा, जसा तो थर्मनकडे हातावर हात ठेवताना इतकी वर्षं सरकत आला होता. आणि अंगठ्याला नाडी लगेच सापडायची, ठणठणीत. मग तिनं बोटांचा नाद सोडला.

मोजता मोजता तिला एक नवल वाटू लागलं. डेंव्हर, किराणा दुकानातली मुलगी, पोस्टातला म्हातारा, सगळ्यांचे ठोके जवळपास सारखेच. फक्त पाद्रीबुवांची नाडी जोरात पळत होती. ती चर्चच्या सगळ्या पायऱ्या चढून त्यांच्याकडे गेली होती, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. धर्माचा माणूस, आत काहीतरी टोचत असणार, असं तिनं मनाशी ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. बाकीच्या गावाचं काय? रात्रंदिवस एकाच विहिरीचं पाणी, एकाच डोंगराची सावली. एका दरीत राहून राहून माणसांची काळजं एका चालीवर येत असतील का? आगगाडीतली अनोळखी माणसं एका तालात डुलतात तशी? भांडी घासताना ती हाच विचार करायची. कॉलेजात गेल्यावर बाईंना विचारायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

ऑगस्टच्या मध्यावर आर्विल टॅकेट काळीज बंद पडून गेला. त्यानं गावातल्या दोन पिढ्या स्कूलबसमधून शाळेत पोचवल्या होत्या. ओलेटालाही. त्याचे केस करायला ती सकाळीच थर्मनकडे गेली. पांढरे केस ओले करून मागे वळवले, कानामागे बसवले. गाणं म्हणत गाडी चालवायचा तो; तेच गाणं ती पुटपुटत होती. मग त्याचा उजवा हात उचलून डाव्यावर ठेवला. अंगठा सवयीनं मनगटावर गेला.

नाडी लागत होती.

खिडकीबाहेर कुणीतरी गवत कापत होतं. तिनं अंगठा काढला, पुन्हा ठेवला. ठोका होता. बारीक, पण होता. ती भ्याली नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही. तिनं घड्याळाकडे बघितलं आणि मोजायला लागली. गावाची चाल होती तीच चाल. मग मात्र तिचे कान तापले. ठोकाही वाढला.

"मिस्टर थर्मन!" ती दारातून ओरडली. "जरा या. आर्विल..."

थर्मन हातातला कॉफीचा कप घेऊनच आला. "काय केलंन आर्विलनं?"

"त्याची नाडी चालू आहे."

थर्मननं आर्विलकडे बघितलं, ओलेटाकडे बघितलं. "परवा मी स्वतः त्याच्या अंगात औषध भरलंय. तरी उठला असेल तर संध्याकाळी लोक येणारेत, त्यांना काय सांगायचं ते त्यालाच विचारून ठेव."

"चेष्टा नको. बघा तुम्ही."

"कशानं बघितलीस?"

तिनं अंगठा वर केला.

थर्मननं कप खिडकीत ठेवला. तो हसला नाही. त्यानं तिचा हात धरून टेबलाच्या लोखंडी कडेवर टेकवला. "इथे दाब. अंगठ्यानं. आता गप्प राहा."

ओलेटानं दाबलं. थोड्या वेळानं टेबलाची नाडी लागली.

"अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो," थर्मन म्हणाला. "मी शिकत होतो तेव्हा एका मेलेल्या म्हातारीला जिवंत ठरवून सगळा वर्ग गोळा केला होता. ही तुझी नाडी आहे बाई."

तो कप घेऊन निघून गेला. ओलेटा आर्विलशेजारी स्टुलावर बसली. डेंव्हर, किराणावाली, पोस्टातला म्हातारा, पाद्री. उन्हाळाभर ती घरोघर जाऊन स्वतःलाच मोजत होती. इतकी मनगटं हातात आली आणि पलीकडचं एकही माणूस तिला लागलं नव्हतं. दोन बोटांनी शेजारच्या घरातली ठकठक ऐकायची, तर तिनं अंगठ्यानं स्वतःचंच दार वाजवलं होतं. तिनं आर्विलच्या मनगटावर पहिली दोन बोटं ठेवली, हलकी, बाईंनी दाखवली होती तशी, आणि वाट बघितली. काही नव्हतं. ते काही नसणं तिला पहिल्यांदाच नीट समजलं.

घरी आली तेव्हा आत्या पडवीत बसून घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत होती. ओलेटा समोर बसली, तिनंही पातेल्यातून मूठभर शेंगा घेतल्या. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं गेलं. आर्विल, टेबल, थर्मनची म्हातारी, सगळं.

आत्याच्या मांडीवरच्या शेंगा हलायला लागल्या. "टेबलाची नाडी!" ती म्हणाली, आणि पदर नव्हता म्हणून एप्रनमध्ये तोंड खुपसून हसली. "अगं, खुर्ची आजारी पडली तर सांगशील का मला?" हसता हसता तिला धाप लागली. तिनं छातीवर हात ठेवला, जरा जास्तच वेळ.

"काय होतंय?"

"काही नाही. हल्ली असंच होतं. आत एक चिमणी बसलीय, मधूनच फडफडते."

"कधीपासून?"

"वसंतापासून असेल. तू कशाला चौकशी करतेस? तू तर नंतरची बाई."

ओलेटानं हातातली शेंग खाली ठेवली आणि हात पुढे केला, तळवा वर करून. मागितला नाही, नुसता पुढे केला. आत्या त्या हाताकडे बघत राहिली. कोंबड्या पायरीखाली कुरकुरत होत्या. मग आत्यानं आपलं मनगट एप्रनला पुसलं, जणू तिचंच अस्वच्छ होतं, आणि ओलेटाच्या हातात दिलं.

"दोन बोटांनी," ती म्हणाली. "अंगठा लावलास तर बघ."

हात ऊन होता. ओलेटाला आधी तेच जाणवलं, मग हे, की उचललेला हात स्वतः थोडासा उचलला जातोय, त्याला वजन आहे आणि मतही. तिनं दोन बोटं ठेवली. बराच वेळ काही नाही. मग लागली. ही चाल तिच्या ओळखीची नव्हती. दोन ठोके, मग थांबा, मग तीन भराभरा, मग कुणी जिन्यात पाय चुकवावा तसं. हे आपलं नव्हे. हे दुसरंच कुणीतरी आहे.

"काय? टेबल बरं आहे का?"

खोटं बोलावंसं वाटलं. "मला अजून काही येत नाही, आत्या. पण हे सरळ चालत नाहीये. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

आत्यानं हात मागे घेतला नाही. शेंगांकडे बघत म्हणाली, "आर्विललाही असंच सांगितलं असतं कुणी, तर?"

"तर मी आज त्याचे केस केले नसते."

"हं." आत्यानं दुसऱ्या हातानं आपल्या डोक्याला चाचपलं. पलीकडच्या गावातल्या बाईनं केलेले केस एका बाजूला चेपले होते. "हे घरटं घेऊन जाऊ डॉक्टरांपुढे? आधी माझे केस कर."

स्वयंपाकघरातल्या मोरीवर आत्यानं डोकं वाकवलं. ओलेटाला जिवंत डोक्याची सवय उरली नव्हती. ते हलत होतं. त्याला पाणी गरम लागत होतं, मग गार लागत होतं.

"डोळ्यात गेलं!"

"हलू नकोस."

"तुझी ती माणसं हलत नाहीत, म्हणून तू लाडावलीस."

डॉक्टरांनी आत्याच्या छातीवर तारा लावल्या, गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं आणि वेळेत आलात, असं म्हणाले. परतताना ओलेटानं थर्मनच्या दारात गाडी थांबवली. "दुसरी बाई बघा," ती खिडकीतूनच म्हणाली. थर्मननं मान हलवली आणि आत्याच्या केसांकडे बघून टोपी काढली. "तुझ्यासाठी नाहीत ते," आत्या त्याला म्हणाली, "तू डोळे खाली घाल."

सोमवारी सकाळी ओलेटा पांढरे बूट घालून पडवीत आली. बुटांच्या कडेला कोंबड्यांची माती राहिली होती. ती तिनं बोटानं खरवडली. आत्या कॉफी घेऊन बसली होती. गोळ्यांची बाटली तिच्या मांडीवर होती.

"तिथे सगळी पोरं तुझी लेकरं शोभतील अशा वयाची असतील," आत्या म्हणाली. "बाई विचारतील, सराव कुणावर केला? काय सांगशील? गावावर केला, आणि गाव म्हणजे मीच निघाले?"

ओलेटा हसली नाही. तिला ते खरंच सांगावंसं वाटत होतं.

"आणि कुणी हात नाही दिला तर?" आत्यानं विचारलं. हे मात्र तिनं हळू विचारलं.

उत्तराची वाट न बघता तिनं कप खाली ठेवला आणि मनगट पुढे केलं. ओलेटा वाकली. दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे न बघता. बोटांखाली ते दुसरं कुणीतरी अजून अडखळत होतं, पण आज जरा सावकाश. ओलेटानं थोडा वेळ ऐकलं. मग हात हलकेच आत्याच्या मांडीवर परत ठेवला, दुसरा हात त्यावर ठेवायची सवय आवरली, पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरून गेली.