जात्यासमोरची जागा

कडा गावच्या गिरणीत एक म्हातारी ज्वारीचा डबा घेऊन बसलेली असायची. ओठ हलायचे आणि उजवा हात मांडीवर गोल फिरत राहायचा. एकदा वीज गेली, गिरणी थांबली, तेव्हा ऐकू आलं. ती जात्यावरच्या ओव्या म्हणत होती.

"मावशी, मोठ्यानं म्हणा की," मी म्हणाले.

"नुसतं बसून न्हाई येत बाई. जातं पायजे."

तिच्या घरचं जातं केव्हाच न्हाणीच्या पायरीत गेलं होतं. आमच्या गोठ्यात एक पडून होतं. ते धुऊन मी ओसरीवर मांडलं आणि तिला घेऊन आले. खुंटा धरताच ती लई खुलली, पण दोन फेऱ्यांतच तिला धाप लागली.

"एकटीचं काम न्हाई हे. माझी जाऊ समोर बसायची. मी एक ओळ म्हनायची, दुसरी ती उचलायची. गेली बिचारी."

मग मी समोर बसले. जातं फिरू लागलं. तिनं भावावरची ओवी धरली. पहिली ओळ संपली आणि ती माझ्याकडं बघत थांबली.

मला पुढचं येत नव्हतं.

जरा वेळानं दुसरी ओळही तिनंच म्हटली, पण अगदी हळू, दुसऱ्या कुणाची वस्तू न विचारता उचलावी तशी.