भुईवर घेतलेला बा

बाला खाटेवरून खाली घ्या, असे मीच सांगितले. पुढचे सगळे त्यामुळे झाले. हे आधीच लिहून टाकतो, कारण शेवटी लिहायचे ठरवले तर माझा हात तिथवर पोचेल याची मला खात्री नाही.

आमचे घर ठाण्याला, कोपरीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. घरातली सगळी माणसे मिठागरात राबलेली. शाळेत टिकलेला मी पहिला आणि मुंबईच्या कॉलेजात गेलेला तर साऱ्या भावकीत एकटाच. पौषात मास्तरांकडून लिहवून घेतलेले पत्र आले की बाचे पोट फुगले आहे, निघून ये. मी दुपारच्या आगगाडीने आलो.

बा खाटेवर होता, पण निजलेला नव्हता. पोटात पाणी झाल्यामुळे आडवा झाला की त्याचा श्वास कोंडे. म्हणून बयने, आम्ही आईला बय म्हणतो, त्याच्या पाठीशी मिठाची रिकामी पोती आणि गोधड्यांच्या वळकट्या रचून त्याला टेकवून बसवले होते. दिवसातून किती वेळा बय ती पोती सारखी करी, ते मी मोजले नाही. मला ते काम वाटलेच नव्हते.

आमच्यात माणूस ओहोटीला जातो असे मानतात. भरतीत जीव जात नाही. त्यामुळे ओहोटी लागली की भावकी आमच्या ओटीवर येऊन बसे आणि भरती लागली की जेवायला उठे. थोरला काका ओटीवरूनच विचारी, "हाय का अजून?"

एकदा आतून बाच बोलला, "हाय रं. जेवून ये."

सगळे हसले. मीही हसलो.

दुसरी एक रीत आहे. माणूस खाटेवर जाऊ द्यायचा नाही. घटका भरत आली की जमीन सारवून त्याला भुईवर घ्यायचे, तोंडात तुळशीपत्र आणि गंगेचे पाणी घालायचे. त्यानंतर अन्न नाही. आणि एकदा खाली घेतलेला माणूस परत वर घ्यायचा नाही. सारवलेली भुई रिकामी ठेवली तर ती घरातले दुसरे माणूस मागते, असे म्हणतात.

मी आल्यानंतरचा तो तिसरा दिवस. अमावास्या जवळ आली होती. तिच्या उधाणाला मिठागरात खाडीचे पाणी घ्यायचे असते, त्यामुळे जो तो मनातून घाईत होता. सकाळी बाचे डोळे अर्धे मिटलेले, हाकेला ओ नाही. ओहोटी नुकती लागली होती.

काका मला म्हणाला, "बालिस्टर, तू बघ. तुमच्या मुंबईत हात धरून सांगतात म्हनं."

माझ्या खोलीशेजारी डॉक्टरी शिकणारा एक मुलगा राहत असे. नाडी कुठे लागते ते त्याने मला एकदा गमतीत दाखवले होते. तेवढेच माझे ज्ञान. मी बाचे मनगट धरले. माझी बोटे थंडीने बधिर झाली होती. मला काही लागले नाही.

मला कळत नाही, असे म्हणता आले असते. कॉलेजात मी ते रोज म्हणे, आणि वर्गातली मुले मागे वळून बघत. इथे पिकल्या केसांची आठ माणसे माझ्या तोंडाकडे बघत होती. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

"नाडी लागत नाही," मी म्हणालो.

"मंग?"

"खाली घ्या."

पोती पायाने बाजूला सरकवली गेली. चौघांनी उचलून त्याला ओल्या सारवणावर सपाट निजवले. त्या हिसक्याने बाने डोळे उघडले. तोपर्यंत तुळस तोंडात गेली होती.

"वर घे," तो मला म्हणाला.

"जीव घोटालतो तवा असंच बोलतात," काका म्हणाला.

ती ओहोटी गेली. दुसरी गेली. बा चार दिवस तिथे होता. सपाट पडल्यामुळे त्याचा श्वास चिखलातून पाय उपसावा तसा येई. बोलायला दम लागे, म्हणून तो पुढे एकच शब्द बोले, "वर." सगळे जेवायला गेले की बय आपला गुडघा त्याच्या पाठीखाली सारून बसे आणि पावले वाजली की काढून घेई. पदराचे टोक भिजवून त्याच्या ओठांत पिळी. मी दाराशी उभा राहून कोणी येते का ते बघत असे. एवढीच माझी शुश्रूषा.

आत्या ओटीवर म्हणाली, "मी घर उघडं टाकून खडवलीसून आले. यानं सगल्यांना अडकवलं."

"जितेपनी तरी कवा कोनाला वेलेवर सोडलं त्यानं?" काका म्हणाला. बाचे डोळे उघडे होते.

चौथ्या दिवशी भरतीच्या वेळी सगळे काकाच्या अंगणात जेवायला गेले. मी बयजवळ बसलो.

"बय, मला वाटते माझे चुकले. मला नाडी बघता येत नाही."

ती बाच्या खांद्यावरची माशी हाकलत होती. "मना ठाऊक हाय. तू हात सोडलास तवा मी धरला व्हता. चालत व्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"चार मानसांत तुजा पयलाच सबुद. तो मी खोटा पाडू?" मग ती म्हणाली, "मना वाटलं, एक ओहोटी. तेवरं सोशील तो."

मी उठून काकाच्या अंगणात गेलो. "बाची नाडी चालू होती. मी चुकलो. आम्ही त्याला वर घेतो."

घास हातात राहिले. काका म्हणाला, "हात धरता येत नाय, मंग इतकी वर्सं तितं शिकलास काय?"

"बूट घालायला," कोणीतरी म्हणाले, आणि पंगत हसली.

"भुई कोनाला मागल, ठाऊक हाय?" काका म्हणाला. "घरात तू नी तुजी बय."

"मागू दे."

"घे मंग. आमी हात नाय लावनार."

कोणी उठले नाही. मी आणि बय, दोघांनीच त्याला उचलायचे ठरवले. त्याच्या पाठीची कातडी खालच्या गोधडीला चिकटली होती. बयने कोमट पाणी घालून ती बोटभर बोटभर सोडवली. बा ओरडला नाही, ओरडण्याइतका वारा त्याच्या छातीत नव्हता. आम्ही त्याला खाटेवर घेतले, पाठीशी पोती रचली. बसता झाल्यावर त्याने जो श्वास घेतला तो घरभर ऐकू आला. बय तोंड फिरवून चुलीकडे गेली आणि पेज घेऊन आली.

वाटी मी घेतली. त्याने चार घोट घेतले. मग विचारले, "खाली घ्या, कोन बोल्लं?"

"भावकी," बय झटकन म्हणाली.

"मी, बा," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. "मना वाटलंच. तूच हात धरला व्हतास." मग त्याने मान हलवून बयला खूण केली. वाटी तिने घ्यावी, अशी.

तो आणखी दोन दिवस जगला आणि खाटेवरच गेला. त्या दोन दिवसांत त्याने पाणी, पेज जे काही घेतले ते बयच्याच हातून. मी वाटी भरून तिच्या हातात देत असे. तेवढे त्याने चालू दिले.