शेवंताबाईंना ऐकू आलं ते

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. वीज अपघातांची चौकशी करणं ही माझी सरकारी नोकरी – तारांची उंची मोजायची, जबाब घ्यायचे, रिपोर्ट लिहायचा. अकोल्यात एकटीच राहते. भीतीबिती वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, मूर्तिजापूरच्या अलीकडे एक छोटं ट्रेनिंगचं विमान हाय-टेन्शन तारांना अडकून तुरीच्या शेतात कोसळलं. आत एकटाच मुलगा होता... बावीस वर्षांचा, नाशिकचा. पोस्टमॉर्टेममध्ये स्पष्ट लिहिलं होतं – जागीच मृत्यू.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी लाइनमन वानखडेंना घेऊन तिथे गेले. विमान उचलून नेलं होतं. जळक्या तुरीचा एक लांब पट्टा तेवढा उरला होता. अपघाताच्या वेळी सर्वांत जवळ होत्या शेवंताबाई, शेजारच्या शेतात निंदत होत्या. सत्तरीच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या.

"बाई ठार बहिरी हाये, मॅडम," वानखडे म्हणाले. "इमान पडलं तेबी तिले धूर पाहून समजलं."

तरी मी हातवारे करून विचारलं, काय पाहिलं?

"पाह्यलं काईच नाई. आयकलं."

वानखडे हसले. बाई चिडल्या. "कावून हासतं रे? बारा वर्सं झाले, मले काई आयकू नाई आलं. त्या दिवशी आलं. कानापाशी बोलल्यावानी. पोरगं म्हने – माऊ, आधी गॅस बंद कर."

जबाबाच्या कागदावर मी लिहिलं – साक्षीदार बहिरी असल्याने जबाब ग्राह्य नाही.

महिनाभराने त्या मुलाच्या आईचा ऑफिसात फोन आला. रिपोर्टची प्रत हवी होती. ते बोलणं झालं, तरी त्या फोन ठेवेनात. मग हळूच विचारलं, "त्याच्याजवळ कुणी होतं का हो?"

"एक आजी होत्या... शेतात."

"काही बोलला?"

नाही म्हणायला हवं होतं. पण मी सांगून टाकलं, जसंच्या तसं.

पलीकडे त्यांनी ते शब्द पुन्हा एकदा म्हटले. मग म्हणाल्या, "मला माऊ म्हणणारा तो एकटाच. फोन केला की आधी हेच म्हणायचा. बोलण्याच्या नादात माझं दूध उतू जायचं ना... खूप काही सांगायचं असलं की तर हमखास."

 फोन दोघींनीही बराच वेळ ठेवला नाही.

नंतर मी कागदपत्रं पुन्हा तपासली. त्या दिवशी त्याचा मोबाइल हॉस्टेलच्या खोलीत होता. पेपरात आलं होतं ते फक्त नाव आणि गाव. शेवंताबाईंना हे शब्द कुठून कळले, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

उन्हाळ्यात एका रविवारी मी एकटीच त्यांच्याकडे गेले. त्या शेताच्या धुऱ्यावर निंबाखाली बसल्या होत्या, जळालेल्या पट्ट्याकडे तोंड करून.

"सांगतलं का त्याच्या मायले?"

मी मान डोलावली.

"बरं केलं, माय." मग म्हणाल्या, "तेवढं आयकू आलं, मंग वाटलं आता पाखरंबी आयकू येतीन. रोज येऊन बसून राह्यतो अथी..."

वर निंबात साळुंक्यांनी नुसता कल्ला मांडला होता. मी काय करणार... त्यांच्याजवळ बसून राहिले.