वर्गमुळाची रेघ

काल नात मोबाईलवर गणित करत होती. वर्गमुळाच्या चिन्हात ती आकडे टाकत गेली, तशी वरची रेघ आपोआप लांबत गेली. मला एकदम खडूचा वास आला.

सत्त्याऐंशी साल असेल. मरोळच्या एका गाळ्यात मी गणिताची चिन्हं कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटवायचा प्रोग्रॅम लिहीत होतो. काळ्या काचेवर हिरवे आकडे छान यायचे, पण वर्गमुळाची रेघ मेली पहिल्या आकड्यापुढे सरकत नव्हती. माझी ताई वाकोल्याच्या शाळेत गणित शिकवायची. एका संध्याकाळी ती शाळेतून थेट मला भेटायला आली, कारण दुसऱ्या दिवशी तिला ऑपरेशनसाठी भरती व्हायचं होतं.

“हे काय रे? बाकीचे आकडे उघड्यावर टाकलेस!” असं म्हणत तिनं खडूनं माखलेलं बोट काचेवर टेकवलं आणि रेघ शेवटच्या आकड्यापर्यंत ओढत नेली. “अशी पाहिजे. मी घरी येईपर्यंत करून ठेव हं.”

आठवड्याभरात जमलं. तिच्या खडूच्या रेघेखाली हिरवी रेघ बरोबर शेवटपर्यंत गेली.

ताई घरी आलीच नाही.

ते मशीन भंगारात जाईपर्यंत मी कुणाला ती काच पुसू दिली नाही.