कालव्याच्या वळणावरचं रेलिंग

माझ्या धाकट्या भावाने बॅटरीवर चालणारी उंच, भरभक्कम गाडी घेतली. आमची द्राक्षबाग निफाडकडची. जन्मभर ट्रॅक्टरवर बसलेला माणूस, त्याला गाडीचं भारी कौतुक. "ताई, आता भ्यायचं नाय," म्हणाला. "लय दणकट हाय."

मी सातपूरच्या कारखान्यात कामावर असताना वहिनीचा फोन आला. कालव्याच्या वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर अंगावर आला, भावाने गाडी बाजूला घेतली, ती रस्त्याकडेच्या लोखंडी रेलिंगवर धडकली आणि त्यावरूनच खाली कोसळली.

मी तिथे पोहोचले तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं. रेलिंगची पट्टी चटईसारखी आडवी पडली होती आणि तिच्यावर टायरचे काळे ओरखडे होते. मला विश्वासच बसेना. वडिलांची जुनी छोटी गाडी याच रेलिंगला घासून थांबली होती. दार चेपलं, दिवा फुटला, पण वडील आपल्या पायांनी चालत घरी आले होते.

भाऊ वाचला. पण कमरेखाली जोर राहिला नाही.

मी रस्ते खात्याच्या कार्यालयात गेले. इंजिनिअर सभ्य गृहस्थ होते. "मॅडम, हे बसवलं तेव्हा गाड्या बुटक्या आणि हलक्या होत्या," ते म्हणाले. "आताच्या गाड्यांचं तोंडच रेलिंगच्या वर येतं. त्यात बॅटरीचं वजन."

"मग उंच आणि जाड बसवा ना."

"माझ्या हातात नाही. वरून नवा नमुना मंजूर झाला, तरच."

त्यांच्याशी भांडावं, असं काही ते बोलतच नव्हते. खिडकीतून त्यांची स्वतःची गाडी दिसत होती. तीही तसलीच उंच.

पुढे तिथे नवं रेलिंग बसलं. तेवढ्याच उंचीचं, फक्त चकचकीत.

भावाला व्यायामासाठी नाशिकला न्यावं लागतं आणि रस्ता तोच. गाडी मी चालवते, वहिनी मागे त्याच्याजवळ बसते. परवा वळणावर समोरून ट्रक आला. मी गाडी जवळजवळ उभीच केली. मागून हॉर्न सुरू झाले.

"चल ताई," भाऊ हळूच म्हणाला. "मधीच थांबून कसं चालंल?"

मी रेलिंगच्या पट्टीकडे न बघता गाडी पुढे काढली.